बोचकुलं

ताशी एकवीस पौंड, वर गाडीचं पेट्रोल.
स्वान्सीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मी एका तोंडातलं दुसऱ्या कानात नेऊन ठेवते.
नियम एकच: पदरचं काही घालायचं नाही.

निवृत्ती खामकर, वय एक्क्याऐंशी,
पोर्ट टॅल्बटच्या भट्टीवर तीस वर्षं.
अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झालेत.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

एलेरी एकेक चित्र पुढे सरकवते.
कंगवा. काका डावा हात केसांवरून फिरवतात,
शब्द येत नाही.
शिट्टी. ओठांचा चंबू, नुसती हवा.
"आणि ह्या कोण?"
हे चित्र नाही, शेजारी बसलेल्या बाई.
काका त्यांच्याकडे असं बघतात
की मी खिडकीबाहेर बघते.
खाली कुणीतरी पार्किंगची पावती काचेला लावत होतं.

मग सातवं चित्र.
"बोचकुलं," काका म्हणतात.
स्पष्ट. शेवटच्या अनुस्वारासकट.

एलेरीचं पेन थांबतं. माझंही तोंड.
कोशात आहे साळिंदर.
पण साळिंदर रानातलं, हातभर काट्यांचं;
काका ते म्हणाले असते तर
शब्द बरोबर आणि जनावर चूक.
ह्या परसातल्या मूठभर जिवाला
आमच्या भाषेनं कधी पाहिलंच नव्हतं.

"असा शब्द आहे?" एलेरी विचारते.
मी बाईंना विचारते.

अनसूयाबाई कार्डिगनची गुंडी पिळत:
"चौऱ्याहत्तर साल. रात्री मागच्या दारी खुसफुस.
मला वाटायचं उंदीर. झाडू घेऊन बसायची मी.
हे रात्रपाळीहून आले नि बॅटरी मारली.
बोचरं, आणि बोचक्यागत बसलेलं.
म्हणाले, अगं, बोचकुलं आहे.
त्या दिवसापास्नं उंदीर गेले बघा.
होते कुठं म्हणा!
पण नाव मिळेस्तोवर उंदीरच होते.
पुढं रोज दिसायला लागली. दोन, तीन.
शेजारीण म्हणायची, तुमच्याकडंच कशी येतात?"

"कोण कोण म्हणतं असं?"
"आम्ही."

आम्ही. म्हणजे हे दोघं
आणि मेलबर्नला गेलेली मुलगी.
तुम्ही नाही, मी नाही.
दार लावून घेतलेला शब्द.
इंग्रजीत नेताना त्याचं 'वी' झालं,
आणि 'वी'ला दार नसतं.
मी आत, एलेरी आत,
चहाची गाडी ढकलत आलेला पोरगासुद्धा आत.

एलेरी म्हणाली, तिच्या आजीकडे ह्याला
ड्राइनोग म्हणायचे. काटेवाला.
इंग्रजांनी म्हटलं कुंपणातलं डुक्कर.
त्यांच्यातही कुणीतरी कामावरून उशिरा आलं असेल,
अंधारात वाकून काहीबाही म्हणालं असेल.
आणि दारातून कुणीतरी, "हो, तेच."
बहुतेक एवढंच लागतं.
ते "हो, तेच" म्हणणारं माणूस मात्र लागतंच.

फॉर्मवर दोनच चौकोन. बरोबर. चूक.
"मग मराठीत ह्याला काय म्हणतात?"
"बोचकुलं," मी म्हटलं.
पदरचं काही घातलं नाही.

परतताना नीथच्या वळणावर
दिव्यांच्या झोतात काहीतरी सरकलं.
बावीस वर्षांत हेजहॉग पुष्कळ पाहिले मी,
बरेचसे चपटे.
ब्रेक लावला.
मागचा हॉर्न मारत राहिला.
ते सावकाश रस्ता ओलांडत होतं,
आपलं बोचकं सावरत.